रीजन्सी काळातला गाऊन शिवायचाय? आतून सुरुवात करा

उंच कमरेचे, पांढरे, झुळझुळीत रीजन्सी गाऊन, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधले, बघून ‘हे आपल्याला शिवता येईल का?’ असं विचारणारे आता मराठी मंडळींतही बरेच भेटतात. कुणी ओटीटीवरची मालिका बघून येतं, कुणी कॉलेजात वाचलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांमुळे, कुणाला नाटकाची वेशभूषा करायची असते, तर इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या कुणाला तिथल्या रीजन्सी बॉलचं, म्हणजे त्या काळच्या पोशाखातल्या नाचाच्या समारंभाचं, आमंत्रण आलेलं असतं. उत्तर एकच: येईल. ज्यांनी साधा ब्लाउज किंवा कुर्ता बेतून शिवलाय त्यांना तर येईलच, पण ज्यांचा हात फक्त सुईदोऱ्यावर बसलाय त्यांनाही येईल. कारण हे सगळे कपडे मुळात हातानेच शिवलेले आहेत. शिलाई मशीन घराघरांत पोचायला अजून काही दशकं होती.

नवीन माणूस टाक्यांवर अडकत नाही, क्रमावर अडकतो. पहिल्याच दिवशी बाजारात जाऊन गाऊनचं कापड आणलं जातं, इंटरनेटवरचा एखादा पॅटर्न उतरवला जातो, गाऊन शिवून होतो आणि अंगात घातल्यावर मॅक्सी घातल्यासारखा दिसतो. त्यात शिवणाऱ्याचा दोष नसतो. त्या काळची ती उंच कमर आणि सरळ पाठ आतल्या कपड्यांवर उभी असते, आणि तेच शिवलेले नसतात. म्हणून आधी काळ ठरवायचा, मग खरे जुने कपडे बघायचे, मग पॅटर्न आणि कापड, आणि शिवायला घेतलं की आतून बाहेर यायचं.

आधी वर्ष ठरवा

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार बघू शकेना, म्हणून 5 फेब्रुवारी 1811 रोजी त्याच्या मुलाला रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, नेमलं गेलं. 29 जानेवारी 1820 रोजी राजा वारला आणि रीजन्सी संपली. याच नऊ वर्षांत इकडे खडकीची लढाई झाली आणि पेशवाई बुडाली, हे लक्षात ठेवलं की काळ डोक्यात पक्का बसतो. कपड्यांबद्दल बोलताना मात्र ‘रीजन्सी’ सैलपणे वापरतात आणि साधारण 1795 ते 1820 हा सगळा पट्टा त्यात धरतात.

पण या पंचवीस वर्षांत फॅशन एका जागी थांबलेली नव्हती. 1800 च्या आसपासच्या गाऊनला गळ्याशी आणि कमरेशी नाड्या, भरपूर चुण्या आणि मागे जमिनीवर लोळणारा घोळ असायचा. 1805 ते 1810 च्या सुमारास सगळं अरुंद आणि साधं झालं. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या वस्त्रांचा तो प्रभाव, त्यामुळे पांढरा रंग आणि खांबासारखी सरळ आकृती. 1815 नंतर कमर आणखी वर गेली, घागऱ्याला कळ्या येऊन तो खाली पसरायला लागला, आणि काठावर झालरी, टक्स, कापसाने भरलेल्या गोल पट्ट्या आल्या. एकाच गाऊनमध्ये 1800 चा गळा आणि 1818 ची झालर घातली, तर जाणकाराला ते लगेच खटकतं.

नवीन असाल तर 1800 ते 1810 मधलं एखादं वर्ष घ्या. नाडीने आवळायचा गळा आणि पुढे पदरासारखा उघडणारा गाऊन या काळात चालायचा, आणि मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी तो सांभाळून घेतो.

बघायला शिका

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम, बोस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स, जपानमधलं क्योतो कॉस्च्यूम इन्स्टिट्यूट: या सगळ्यांचे संग्रह घरबसल्या बघता येतात. शोधायच्या चौकटीत इंग्रजीत ‘गाउन’, ‘मस्लिन’ आणि 1800 ते 1810 असा काळ टाका. मेट्रोपॉलिटनने 2017 पासून स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंची छायाचित्रं सगळ्यांना मोफत वापरायला खुली केली आहेत. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने तर काही जुन्या कपड्यांचे पॅटर्नच उतरवून घेण्यासाठी ठेवलेत, त्यात अठराव्या शतकाच्या शेवटचे पुरुषी कपडेही आहेत.

चित्र उघडलं की आधी पाठ बघा. रीजन्सी गाऊनची सगळी हुशारी पाठीत आहे. पाठीचा मधला तुकडा अगदी अरुंद असतो, कधी तर हाताच्या तीन-चार बोटांएवढाच. त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी मुंढ्यापासून वळत कमरेकडे येतात, त्यामुळे पाठीवर हिऱ्यासारखा आकार तयार होतो. खांद्याची शिवण खांद्यावर नसते, ती मागे सरकलेली असते. आणि बाही आपल्या ब्लाउजच्या मानाने पाठीत खूप आत शिरलेली असते, म्हणजे मुंढा मागून खोल कापलेला. त्यामुळे घालणाऱ्याचे खांदे आपोआप मागे जातात आणि छाती पुढे येते. घागऱ्याच्या जवळजवळ सगळ्या चुण्या पाठीच्या मधोमध गोळा केलेल्या असतात, पुढचा भाग सपाट. एवढ्या गोष्टी दहा-बारा गाऊनवर नीट बघितल्या, की तयार पॅटर्न हातात घेतल्यावर तो खरा आहे की नुसता ‘रीजन्सी छाप’ हे तुम्हाला कळायला लागेल. आणि मालिकांमधले कपडेही तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. वेशभूषाकाराने मुद्दाम रंगवलेली ती कल्पना असते. डोळ्यांना आनंद देते, पण शिकण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

फोटोखालची माहितीही वाचा. कापड कोणतं, कुठे विणलं, कुठे शिवलं हे तिथे दिलेलं असतं. मलमल भारतातली आणि गाऊन इंग्लंडमध्ये शिवलेला, अशा नोंदी वारंवार दिसतात.

त्यानंतर फॅशनची जुनी मासिकं. पॅरिसमधून 1797 पासून ‘जुर्नाल दे दाम ए दे मोद’ निघायचं, लंडनमध्ये 1806 ला ‘ला बेल असेंब्ले’ सुरू झालं आणि 1809 ला रुडॉल्फ अ‍ॅकरमनचं ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’. त्यांतली हाताने रंगवलेली चित्रं इंटरनेट अर्काइव्हवर मोफत बघायला मिळतात. अ‍ॅकरमनच्या सुरुवातीच्या अंकांत तर खऱ्या कापडाचे छोटे तुकडे चिकटवलेले आहेत. एक लक्षात ठेवा: मासिकातलं चित्र म्हणजे त्या महिन्यातली हौस. सगळ्या बायका तसं घालत होत्या असं नाही. म्हणून चित्र आणि संग्रहालयातला खरा कपडा शेजारी ठेवून बघावं.

रोजच्या आयुष्यातल्या कपड्यांसाठी मला सगळ्यात आवडतं ते बार्बरा जॉन्सनचं बाड. ही एका इंग्लिश पाद्र्याची मुलगी. 1746 मध्ये, लहान असल्यापासून, ती स्वतःसाठी घेतलेल्या प्रत्येक कापडाचा तुकडा एका जुन्या हिशेबवहीत टाचून ठेवू लागली. सोबत किती वार घेतलं, काय भाव पडला आणि त्याचं काय शिवलं तेही लिहायची. हे तिने 1823 पर्यंत चालू ठेवलं. आता ते बाड व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. एका माणसाच्या कपाटातले सत्त्याहत्तर वर्षांचे रंग, छाप आणि पोत त्यात एकत्र दिसतात. ‘रीजन्सी म्हणजे सगळं पांढरं’ हा समजही ते बघून दूर होतो.

आणखी एक कपडा जरूर शोधा: हँपशर कल्चरल ट्रस्टकडे असलेला तपकिरी रेशमाचा पेलिस, म्हणजे गाऊनवरचा लांब कोट. त्याच्यावर ओकच्या पानांची बारीक सोनेरी नक्षी आहे. तो साधारण 1812 ते 1814 मधला असून कादंबरीकार जेन ऑस्टेनचा होता असं कुटुंबात सांगत आले आहेत. हिलरी डेव्हिडसन या अभ्यासिकेने तो टाक्या-टाक्याने तपासला, त्याची प्रतिकृती शिवली आणि मापं प्रसिद्ध केली. जुना कपडा कसा वाचायचा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

पुस्तकं आणि कागदी पॅटर्न

सगळी पुस्तकं घेण्याची गरज नाही. जॅनेट अर्नोल्ड यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’चा पहिला खंड 1964 मध्ये आला आणि आजही तो या क्षेत्रातला पाया मानला जातो. संग्रहालयांतले खरे गाऊन मोजून त्यांनी चौकटीच्या कागदावर काढले. एक चौकट म्हणजे एक इंच. आपण मोठ्या कागदावर इंचाच्या चौकटी आखून ती आकृती मोठी करायची. फक्त रीजन्सीच हवी असेल तर कॅसिडी पर्कोको यांचं 1800 ते 1830 च्या स्त्रियांच्या कपड्यांवरचं पुस्तक नवशिक्यांना सोपं जातं, त्यात शिवण्याची पद्धतही आहे. समाज, कापड, धुलाई, किंमत असा सगळा पसारा समजून घ्यायचा तर हिलरी डेव्हिडसन यांचं जेन ऑस्टेनच्या काळातल्या पोशाखावरचं 2019 चं पुस्तक वाचा. ही पुस्तकं परदेशातून मागवायला महाग पडतात. फॅशन शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेत ओळख असेल तर तिथल्या ग्रंथालयात आधी विचारा.

फुकट मिळणारी दोन जुनी पुस्तकं मात्र आजच उतरवून घ्या. 1808 चं ‘द लेडीज इकॉनॉमिकल असिस्टंट’ आणि 1838 चं ‘द वर्कवुमन्स गाइड’. कापड वाया न घालवता शिफ्ट (अंगालगत घालायचा झगा), शर्ट, लहान मुलांचे कपडे कसे बेतायचे हे त्यांत आकृत्यांसह दिलंय. दुसरं थोडं नंतरचं आहे, पण आतले कपडे इतक्या झपाट्याने बदलत नव्हते, त्यामुळे ते कामाला येतं.

तयार पॅटर्न हवा असेल तर लाफिंग मून, सेन्स अँड सेन्सिबिलिटी आणि ब्लॅक स्नेल ही नावं रीजन्सी शिवणाऱ्यांच्या तोंडी असतात. पुरुषांच्या शर्टासाठी कॅनिक्स कॉर्नर. पीडीएफ मिळत असेल तर तीच घ्या, टपालखर्च आणि कस्टम वाचतो. आर्किटेक्टचे प्लॅन छापणाऱ्या दुकानात ए-झीरो आकारात प्रिंट मिळते. ‘शंभर टक्के, फिट टू पेज नाही’ असं दुकानदाराला आवर्जून सांगा, आणि पहिल्या पानावर दिलेला मापाचा चौकोन पट्टीने मोजल्याशिवाय कात्री लावू नका. शिवणीसाठी जागा सोडलीय की नाही हेही बघा. अर्नोल्ड यांच्या आकृत्यांत ती आपल्याला सोडावी लागते.

कापड

इथे आपल्याकडच्या माणसाचं नशीब चांगलं. ज्या मलमलीसाठी रीजन्सीतल्या बायका जीव टाकायच्या ती ढाक्याकडून, बंगालमधून जात होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून साधी, बुट्टीची, पांढऱ्यावर पांढरं भरतकाम केलेली मलमल लंडनला पोचायची. मग लँकेशर आणि स्कॉटलंडच्या गिरण्यांनी तशीच मलमल स्वस्तात काढायला सुरुवात केली आणि बंगालच्या विणकरांचा व्यापार कोसळत गेला. एक गाऊन बघताना हेही दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्या पांढऱ्या साधेपणामागे आपल्याकडच्या विणकराचे हात आहेत.

तर बाजारात काय मागायचं? गाऊनसाठी सुती मलमल, 80 किंवा 100 काउंटची. मुंबईत मंगलदास मार्केट, दादरला हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ इथे ती सहज मिळते. हातात घेऊन बोटं दिसतात का बघा. थोडी दिसली तर चालेल, कारण आत पेटीकोट येणारच आहे. विणीतच बारीक पट्टे असलेला डोरियाही या काळाला शोभतो. पांढऱ्यावर बारीक बुट्टीचे सांगानेरी-बगरू छाप चालतात, फक्त मोठी फुलं आणि भडक रासायनिक रंग टाळा. कृत्रिम रंग निघाले 1856 नंतर, त्यामुळे झगझगीत जांभळा किंवा फ्लुरोसंट गुलाबी या गाऊनवर उपरा वाटतो. लखनवी चिकनचं कापड बाहीला किंवा काठाला सुंदर जातं, पण बुट्टी लहान निवडा.

पॉलिएस्टर जॉर्जेट, शिफॉन अजिबात नको. ते पडतं वेगळं, चुण्या धरत नाही आणि उन्हात जीव काढतं. शंका आली तर कडेचे दोन धागे काढून जाळा. सुती धागा जळून राखेची भुकटी होते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होतो.

आतल्या कपड्यांना त्या काळी लिनन वापरत. आपल्याकडे ते महाग आहे, म्हणून पांढरं केंब्रिक घ्या. स्टेजसाठी, म्हणजे त्या काळच्या कॉर्सेटसाठी, घट्ट विणीचं ड्रिल किंवा जाड सुती. नमुना शिवून बघायला मांजरपाट. 44 इंच पन्ह्यात अंदाज असा: शिफ्टला अडीच मीटर, पेटीकोटला तीन, साध्या गाऊनला साडेचार ते पाच. घरी आणलं की कापड रात्रभर पाण्यात भिजवा, खळ काढा, सुकवा, इस्त्री करा. मलमल आटते, आणि शिवल्यावर आटली तर बाहीच काखेत रुतते.

हाताशी काय ठेवायचं

बारीक सुया, सुती दोरा, मधमाशीच्या मेणाचा तुकडा, अंगुस्तान, टाचण्या, चांगली कात्री. दोरा मेणावरून ओढला की गुंतत नाही आणि टाका पक्का बसतो. टाके चारच लागतात: धावदोरा, उलटी टीप, तुरपाई आणि काठाला काठ जोडायचा बारीक टाका. आतल्या लांब शिवणी मशीनवर घातल्या तरी काही बिघडत नाही. बाहेर दिसणारं हेम, गळा, बाहीची पट्टी मात्र हातानेच करा, मलमलीवर मशीनची टीप लगेच डोळ्यात भरते.

पहिला कपडा: शिफ्ट

अंगाला लागून असणारा, गुडघ्याच्या आसपास येणारा, आखूड बाह्यांचा साधा झगा. हा पूर्ण चौकोन आणि त्रिकोणांतून बेततात: मधला लांब तुकडा, बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या, चौकोनी बाह्या आणि काखेत चौकोनी तुकडा. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या कळीदार झब्ब्याची बेतणी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच समजेल. काखेतला तो तुकडा तिरका बसवला की हात वर करताना कापड ओढलं जात नाही. सगळ्या शिवणी दुमडून आत बंद करा, हा कपडा सतत धुतला जाणार असतो. त्या काळी अशा कपड्यांवर लाल किंवा निळ्या दोऱ्याने, बारीक फुलीच्या टाक्यात, मालकिणीची अक्षरं आणि कपड्याचा क्रमांक काढत, म्हणजे धुलाईत अदलाबदल व्हायची नाही. तुम्हीही काढा, टाक्यांचा सरावही होईल.

दुसरा कपडा: स्टेज

‘रीजन्सीत बायकांनी कॉर्सेट टाकून दिलं’ असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. बहुतेकींनी टाकलेलं नव्हतं. कंबर आवळायचं काम संपलं, छाती वर आणि दोन बाजूंना उचलून धरण्याचं काम आलं. त्यासाठी मऊ सुती स्टेज असायच्या. छातीला त्रिकोणी कळ्या, खांद्यावर पट्टे, मागे एकाच नाडीची नागमोडी बांधणी, आणि पुढे मधोमध एका खिशात सरकवलेली लाकडी पट्टी, तिला बस्क म्हणतात. कडकपणासाठी दोन थरांत सुती दोरी घालून दोन्ही बाजूंनी टीप मारत. ओल्या कापडाचे पेटीकोट घालून फिरणाऱ्या बायकांची गोष्टही अशीच चवीने सांगितली जाते. तिचा भर व्यंगचित्रांवर आणि टोमण्यांवर आहे, तिच्या नादी लागू नका.

सुरुवातीला मांजरपाटाचा नमुना करा. शिफ्ट घालून त्यावर तो चढवा आणि आरशात बाजूने बघा. छातीचा सगळ्यात उंच भाग कोपर आणि खांदा यांच्या साधारण मधोमध येतोय का? त्याखाली कळ्या कमी पडत असतील तर त्या उघडून रुंद करा, छाती कधीच दाबली जाता कामा नये. खांद्याचे पट्टे शेवटी ठरवा, कारण उचलण्याचं निम्मं काम तेच करतात. दोन बाजूंच्या छात्यांमध्ये बस्क सपाट टेकली तर समजायचं माप बसलं.

बस्कसाठी फूटभराची जाड लाकडी पट्टी चालते: टोकं गोल करून पॉलिश पेपरने गुळगुळीत घासून घ्या. हाडांसाठी, म्हणजे कापडाच्या थरांत घालायच्या ताठ पट्ट्यांसाठी, हार्डवेअरच्या दुकानातले रुंद केबल टाय कापून वापरता येतात, टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून बोथट करायची. नाडीची भोकं कात्रीने कापू नका. आरीने धागे बाजूला सारून भोक करा आणि कडेने काजासारखे दाट टाके घाला. न कापलेलं भोक ताणाखाली उसवत नाही. धातूच्या रिंगा नंतरच्या काळातल्या आहेत.

आजकाल पुढून बांधायच्या आखूड स्टेज नवशिक्यांमध्ये फार चालतात, कारण त्या एकटीने घालता येतात. घाई असेल तर त्या करा. पण पहिल्यापासून नीट करायचं असेल तर लांब स्टेज करा, पाठ सरळ राहते आणि गाऊनची पाठ तिच्यावर सुरकुती न पडता बसते.

पेटीकोट आणि मग गाऊन

कमर छातीखाली असल्यामुळे नुसता घागरा तिथे टिकत नाही, घसरतो. म्हणून पेटीकोटला खांद्याचे पट्टे किंवा छोटी चोळी जोडतात. मागे चुण्या, पुढे सपाट, घेर सव्वादोन मीटर पुरे.

आता गाऊन. मापं घेताना शिफ्ट, स्टेज आणि पेटीकोट अंगावर असलेच पाहिजेत. पुढे पदर असलेला गाऊन निवडला असेल तर त्याची गंमत अशी: घागऱ्याचा पुढचा भाग दोन्ही बाजूंना वरून वीतभर उघडा असतो. आत अस्तराचे दोन पल्ले असतात, ते छातीवर एकमेकांवर आणून टाचणीने लावायचे. मग पुढचा घागरा वर उचलून त्याच्या नाड्या पाठीमागे नेऊन बांधायच्या, आणि त्याला जोडलेला पदर छातीवर आणून खांद्यापाशी टाचणी किंवा बटणाने अडकवायचा. ना झिप, ना वेल्क्रो. अंग थोडं कमी-जास्त झालं तरी गाऊन बसतो, आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय घालता येतो.

शिवण्याचा क्रम असा ठेवा. आधी अस्तर अंगावर बसवून पाठीच्या शिवणी पक्क्या करा. मग वरचं कापड. मग बाह्या, आणि बाहीच्या वरच्या चुण्या मागच्या बाजूला जास्त ठेवा, पुढे कमी. घागरा शेवटी जोडायचा. पाठीमागच्या चुण्यांसाठी दोन समांतर धावदोरे सारख्या टाक्यांचे घाला, दोन्ही एकदम ओढा, मग प्रत्येक चुणीची घडी कमरेच्या पट्टीला एकेक टाक्याने जोडा. हे काम सावकाश होतं, पण पाठीवर ओळीने बसलेल्या त्या बारीक चुण्या दिसल्या की पुढचा गाऊनही असाच करावासा वाटतो.

वरचं सगळं

दिवसा गळा उघडा ठेवत नसत. बाह्या नसलेली, गळ्यापुरती मलमलीची शेमिझेट आत घालायची, ती एका दुपारी होते. थंडीसाठी स्पेन्सर, म्हणजे कमरेपर्यंतच येणारं लांब बाह्यांचं जाकीट. लोकर किंवा रेशीम, गडद रंग, पांढऱ्या गाऊनवर फार खुलतं. शाल तर आपल्या घरातच असेल. काश्मिरी शालींचं वेड त्या काळात पॅरिसमध्ये सम्राज्ञी जोसेफिनपासून लंडनपर्यंत होतं, आणि स्कॉटलंडच्या पेझली गावाने त्यांच्या नकला विणून नाव कमावलं. दोन्ही टोकांना कोयऱ्या असलेली लांब शाल काढा, नवीन घेऊ नका. हातात नाडीची छोटी बटवाछाप थैली, पायात टाच नसलेले सपाट बूट.

पुरुषांसाठी

पहिल्याच फटक्यात शेपटीचा कोट हाती घेऊ नका. तो दाट कुटलेल्या लोकरीचा असतो, इतका दाट की कडा न दुमडता तशाच कापून सोडतात, आणि छातीला आकार देणं हे कसलेल्या शिंप्याचं काम आहे. आधी शर्ट करा. तोही चौकोनांतून बेतलेला, डोक्यावरून घालायचा, मांडीपर्यंत लांब. मग वेस्टकोट, आणि खळ दिलेल्या मलमलीचा क्रॅव्हॅट, म्हणजे गळ्याभोवती गुंडाळून बांधायचं कापड. लंडनचा त्या काळचा प्रसिद्ध छानछोकीवाला ब्यू ब्रमेल याने याच साध्या, स्वच्छ पांढऱ्या क्रॅव्हॅटवर आपली कीर्ती उभी केली. खळ घरच्या तांदळाची चालते.

खरे कपडे प्रत्यक्ष बघायचे असतील तर

लंडनला असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं 2025 मध्ये उघडलेलं ईस्ट स्टोअरहाउस गाठा. तिथे आधी नोंदणी करून संग्रहातली वस्तू जवळून बघायला मागता येते. आधी यादी करून जा: पाठीची शिवण, चुण्यांची घनता, टाक्यांची लांबी. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जाणार असाल तर फॅशन म्युझियम 2022 मध्ये असेंब्ली रूम्समधून हललं आहे हे लक्षात ठेवा. पण दर सप्टेंबरात तिथे जेन ऑस्टेन फेस्टिव्हल भरतो आणि शेकडो माणसं रीजन्सी पोशाखात रस्त्यांवरून चालतात, ते बघण्यासारखं असतं. भारतात अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममध्ये भारतीय वस्त्रांचा अप्रतिम संग्रह आहे, नोंदणी बरीच आधी करा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं वस्त्रदालन आहे.

आणि ज्यांना मुंबईतलीच रीजन्सी उभी करायची आहे, त्यांनी मराया ग्रॅहॅम वाचावी. ती 1809 मध्ये मुंबईत आली, तिचं प्रवासवर्णन 1812 मध्ये छापलं गेलं आणि ते इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहे. इथल्या इंग्रज बायका गरजेपेक्षा जास्त नटतात, असं तिने स्पष्ट लिहून ठेवलंय, म्हणजे मुंबईसाठी एखादी झालर जास्त झाली तरी पुरावा आपल्या बाजूने.

गाऊन बाहेर चालण्यासाठी असेल तर हेम घालताना बूट पायात असू द्या, आणि काठ घोट्याच्या किंचित वर ठेवा. घरातल्या कार्यक्रमासाठी जमिनीला टेकू द्या. हेम सव्वा इंचाचं, टाके लांब पण सैल, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात काठ मळला की तेवढंच उसवून नवीन घालता येतं.